लाखेच्या तबकडीतला आवाज



ग्रामोफोनला चावी भरावी, नवी सुई बसवावी आणि फिरत्या तबकडीच्या कडेला ती हलकेच टेकवावी. पहिल्याप्रथम ऐकू येते ते गाणे नव्हे. ऐकू येते ती खरखर; तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यासारखी. उत्तरेकडच्या लोकांनी तबकडीला ‘तवा’ म्हटले, ते काही नुसते तिच्या आकारावरून नसावे.

दोन-तीन क्षण ही खरखर चालते. मग एकाएकी सॅक्सोफोनांचा थवा उठतो, पियानो त्यात पाऊल टाकतो, तळाशी एक मऊ ठेका सुरू होतो. मिनिटभर नुसतीच वाद्ये. आणि आता कुणी गाणार नाही अशी आपली खात्री झाल्यावर एक पुरुष अगदी कानाशी बोलावे तशा आवाजात आठ-दहा ओळी गातो आणि बाजूला होतो. परत वाद्ये. तीन-सव्वातीन मिनिटांत खेळ आटोपतो. सुई आतल्या कोऱ्या भागात घसरते आणि पुन्हा ती खरखर.

विलायतेत साधारण १९२० ते १९४० या वीस वर्षांत नाचाच्या बँडांनी अशा हजारो तबकड्या भरल्या. त्यांत वाजवणारे, गाणारे आणि त्यांवर नाचणारे आज बहुतेक कुणी हयात नाहीत. तरी या गाण्यांवर जीव टाकणारी माणसे अजून आहेत, आणि मौज अशी की त्यांतल्या पुष्कळांचा त्या काळी जन्मही झालेला नव्हता. जो काळ आपण पाहिलाच नाही त्याची आठवण माणसाला कशी येते? आणि येते ती खरी असते का? मला स्वतःला ही गाणी आवडतात, म्हणूनच हा प्रश्न मला जरा टोचतो. आज त्याच्याच काठाकाठाने थोडे हिंडू या.

बँड म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वरातीतला बँड येतो. लाल डगले, पितळी कर्णे आणि घोड्यावर घामाघूम झालेला नवरदेव! हा बँड निराळा. दहा-पंधरा माणसे, सगळी काळ्या कोटात, ओळीने खुर्च्यांवर बसून वाजवणारी. तीन-चार सॅक्सोफोन, दोन-तीन ट्रंपेट, एखादा ट्राँबोन, एक-दोन व्हायोलिने, पियानो, बँजो किंवा गिटार, तळाला मोठे बासवाद्य आणि ढोल-झांजा. पुढे बँडचा प्रमुख हातात छडी घेऊन उभा. फॉक्सट्रॉट नावाच्या नाचाला चार मात्रांचा ठेका लागतो, वॉल्ट्झला तीन मात्रांचा. तबला ऐकून तयार झालेल्या कानाला त्यात अवघड काही नाही. आपला केरवा सूटबूट घालून आला आहे असे समजा. चालीची ठेवणही ओळखीची वाटेल. एक तुकडा दोनदा वाजवायचा, मग थोडी वेगळी वाट धरायची आणि परत पहिल्या तुकड्यावर यायचे. अंतऱ्यावरून धृपदावर येण्याचे सुख सगळ्या मुलखांत सारखेच दिसते.

हे बँड वाजत ते लंडनच्या मोठ्या हॉटेलांत आणि क्लबांत. सॅव्हॉय हॉटेल, मेफेअर हॉटेल, मॉन्सेन्यर नावाचे उपाहारगृह, अशी ती ठिकाणे. तिथे जायचे तर अंगात संध्याकाळचा खास पोशाख हवा आणि खिशात पैसा हवा. सामान्य माणसाला दारातला दरवान आत सोडायचा नाही. पण १९२२ मध्ये बीबीसीची स्थापना झाली, आणि पुढच्याच वर्षापासून सॅव्हॉय हॉटेलातल्या बँडचे वादन आकाशमार्गे घराघरांत जाऊ लागले. रात्री साडेदहाच्या सुमारास सुरू व्हायचे ते मध्यरात्रीपर्यंत चालायचे. दरवानाने अडवलेली माणसे स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसली, आणि हॉटेलात नाचणाऱ्यांच्या बुटांची खसखस आणि टाळ्या त्यांना बसल्या जागी ऐकू आल्या. रेडिओने केलेल्या उपकारांत मी हाही एक धरतो. आता मी आकाशवाणीवरूनच बोलत असल्यामुळे त्यात थोडा स्वार्थ आहे, तेवढे सोडून द्या.

लोकांना या मऊ गाण्यांची इतकी तहान कशाने लागली? तर दिवस वाईट होते म्हणून. १९२९ नंतर मंदीचा वरवंटा फिरला. १९३२ साली ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या तीस लाखांच्या घरात गेली. जहाजांचे कारखाने, कोळशाच्या खाणी, कापडाच्या गिरण्या ओस पडल्या. १९३१ मध्ये सरकारने बेकारभत्ता कापला, तो एकट्या पुरुषाला आठवड्याला १७ शिलिंगांचा १५ शिलिंग ३ पेन्स झाला. चांगल्या कंपनीच्या नाचाच्या तबकडीला अडीच शिलिंग पडत. म्हणजे एका तबकडीपायी आठवड्याच्या पोटातला सहावा हिस्सा गेला! म्हणून मग वुलवर्थच्या दुकानांतून आठ इंची लहान तबकड्या सहा पेन्सांना मिळू लागल्या आणि गोरगरिबांनी त्या नेल्या. १९३६ च्या ऑक्टोबरात उत्तरेकडच्या जॅरो गावचे दोनशे बेकार पुरुष, गावातली जहाजगोदी बंद पडली म्हणून दाद मागायला सुमारे तीनशे मैल चालत लंडनला गेले. त्यांच्याबरोबर माऊथ ऑर्गन वाजवणाऱ्यांचा एक लहानसा ताफा होता. वाटेवर पाऊस, चिखल, पायांना फोड, आणि पुढे तोंडाने वाजवलेली गाणी. लंडनला पोचल्यावर त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही.

तेव्हा या तबकड्यांतला चंद्र, चांदणे, गुलाब आणि ‘तुझ्यावाचून करमेना’ हा मामला ऐकताना खोलीत चूल विझलेली असण्याचा संभव बराच होता, हे आपण ध्यानात ठेवू.

त्या काळात घरोघर ठाऊक झालेले नाव म्हणजे हेन्‍री हॉल. हा चष्मेवाला, सौम्य गृहस्थ साल्व्हेशन आर्मीत वाढलेला, तिथे कर्णा वाजवलेला. १९३२ मध्ये बीबीसीच्या स्वतःच्या नाचाच्या बँडचा तो प्रमुख झाला आणि सायंकाळी सव्वापाच वाजता, म्हणजे मुले शाळेतून घरी येऊन चहा घेत असताना, त्याचा कार्यक्रम लागू लागला. कार्यक्रमाच्या शेवटी वाजणारी त्याची ओळखीची धून त्याने स्वतःच साल्व्हेशन आर्मीसाठी रचलेल्या एका कूचगीतावरून केलेली होती. धर्मसैनिकांच्या कवायतीची चाल नाचाच्या बँडकडे आली! त्याच वर्षी त्याने ‘टेडी बेअर्स पिकनिक’ हे मुलांचे गाणे तबकडीवर भरले. अस्वलांची बाहुली-पिल्ले रानात सहलीला जातात, एवढीच गोष्ट. तिचे शब्द लिहिले जिमी केनेडी याने. हा गृहस्थ आधी काही काळ शाळेत शिकवत असे. शिक्षक मंडळींनी ही गोष्ट घरी अवश्य सांगावी.

या तबकडीचे पुढे काय झाले पाहा. तिच्यात अगदी खालच्या पट्टीतले घोगरे स्वर आहेत आणि अगदी वरचे तलमही आहेत. म्हणून बीबीसीचे तंत्रज्ञ आपली यंत्रे नीट चालतात की नाहीत हे तपासायला तीच तबकडी लावत, आणि ही पद्धत पुढे कितीतरी वर्षे चालली. सोन्याला कसोटीचा दगड, तशी विलायतेच्या रेडिओला अस्वलांची सहल.

आता ही तबकडी बनत कशी असे, ते सांगतो. १९२५ पूर्वी गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून ओरडावे लागे, तेव्हा कुठे मेणावर रेघ उमटे. त्या वर्षापासून मायक्रोफोन आला. आता कुजबुजले तरी चालू लागले, आणि त्यातूनच कानाशी बोलल्यासारखे गाण्याची ती तऱ्हा जन्मली. मुद्रण मात्र अजून मेणाच्या जाड चकतीवरच होई. ती चकती वाजवून पाहता येत नसे; वाजवली की खराब. सव्वातीन मिनिटांत कुणी एक चुकला, कुणाला ठसका लागला, की चकती बाद. नवीन चकती घ्या, पहिल्यापासून वाजवा. आजच्यासारखे इथला तुकडा कापून तिथे जोडण्याची सोय नव्हती. त्यामुळे या तबकड्यांत जे ऐकू येते ते एका खोलीत, एका दमात, सगळ्यांनी मिळून केलेले काम आहे.

मेणावरून धातूचा साचा, आणि साच्यावरून काळी तबकडी. ती काळी वस्तू कशाची? पुष्कळांना वाटते रबराची, किंवा शिसवी लाकडाची भुकटी असेल. त्यात दगडाची बारीक पूड असे, काजळी असे, कापसाचा थोडा तंतू असे. आणि हे सारे एकत्र धरून ठेवायला साधारण पाव भाग लाख. होय, आपली लाख! बांगड्यांची, मोहोर करायची. पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे इवले किडे स्वतःभोवती जे कवच करतात, तीच. जगातली बहुतेक लाख त्या काळी हिंदुस्थानातून जाई आणि तिचा मोठा वाटा छोटा नागपूर आणि मध्यप्रांतातल्या जंगलांचा. आदिवासी बायामाणसे फांद्या तोडून लाख खरवडीत. मग ती धुऊन, वाळवून, कापडाच्या लांबलचक पिशवीत भरून कोळशाच्या आचेपुढे पिळीत. वितळून बाहेर आलेला गोळा एक कारागीर हातांनी, पायांनी आणि दातांत धरून ताणीत ताणीत कातड्याएवढा पातळ पत्रा करी. तो पत्रा मोडून पोत्यांत भरायचा, कलकत्त्याच्या बंदरातून बोटीवर चढवायचा.

लंडनच्या त्या झगमगत्या हॉटेलातले गाणे पळसाच्या फांदीवर येऊन बसले होते. दाताने लाख ताणणाऱ्या त्या माणसाने फॉक्सट्रॉट कधी ऐकला नसेल. आणि नाचणाऱ्या जोडप्याला पळस कसा फुलतो हे ठाऊक नसेल. तबकडीने दोघांना एकत्र आणले, पण त्यांची ओळख काही करून दिली नाही.

नाव न सांगण्याची तर या तबकड्यांना खोडच होती. मधल्या गोल कागदावर बँडचे नाव ठळक असे, गाण्याचे असे, कोणत्या नाचाचे ते असे. आणि गायकाच्या जागी पुष्कळदा नुसते ‘गायनासह’ अशा अर्थाचे दोन शब्द. सॅक्सोफोन जसा एक, तसा गायक एक. आपल्याकडची रीत आठवा. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने पहिल्या तबकड्या दिल्या तेव्हा गाणे संपताच ठणकावून इंग्रजीत स्वतःचे नाव सांगितले. साचे करायला तबकडी जर्मनीत जाई, तिथल्या कामगारांना कळावे म्हणून ती सोय होती म्हणतात. कारण काही असो, तिचे नाव राहिले. विलायतेतल्या या गायकांना तीन मिनिटांत आठ-दहा ओळी मिळाल्या, नाव सांगायला जागा मिळाली नाही.

अशांपैकी एकाची हकीगत सांगतो. त्याचे नाव अल बोली. आडनावच बोली! आपल्या भाषेत याहून सार्थ नाव गायकाला मिळाले नसते. बाप ग्रीक, आई लेबनॉनकडची, जन्म आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर लोरेन्सो मार्किशला, म्हणजे आजच्या मापुटोला, आणि वाढला जोहान्सबर्गला. धंदा शिकला न्हाव्याचा. गिऱ्हाइकाची दाढी करताना गात असे आणि बँजो-गिटार वाजवी. पुढे एका बँडबरोबर आफ्रिका, हिंदुस्थान, जावा असा दौऱ्यावर निघाला. जाव्यातल्या सुराबाया शहरी बँडच्या प्रमुखाशी बिनसले आणि नोकरी गेली. परक्या मुलखात खिसा रिकामा. तिथून तो कलकत्त्याला जिमी लेकीम याच्या बँडमध्ये लागला, मग सिंगापूरला. १९२७ साली बर्लिनमध्ये त्याने पहिल्या तबकड्या दिल्या आणि १९२८ मध्ये लंडनला सॅव्हॉय हॉटेलातल्या बँडमध्ये दाखल झाला. गाडी रुळावर आली म्हणावे, तो मंदी आली. काम सुटले. लंडनच्या रस्त्यांवर उभे राहून, गाऊन, लोक टाकतील त्या नाण्यांवर त्याने कित्येक महिने काढले.

१९३० च्या अखेरीस त्याला रे नोबल भेटला. हा ब्रायटनचा तरुण हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीच्या स्वतःच्या बँडचा प्रमुख होता. या बँडची गंमत अशी की तो लोकांपुढे जवळजवळ कधी वाजलाच नाही. वेगवेगळ्या हॉटेलांतले उत्तम वादक दिवसा बोलावून घ्यायचे, तबकड्या भरायच्या, आणि रात्री ते आपापल्या कामाला! तो बँड फक्त लाखेतच नांदत होता. त्याच्याबरोबर आणि इतरांबरोबर मिळून बोलीने चार वर्षांत पाचशेहून अधिक गाणी दिली. १९३४ मधले ‘द व्हेरी थॉट ऑफ यू’ हे नोबलने स्वतः रचलेले गाणे त्यातलेच. ऐकाल तर जाणवेल की हा माणूस शब्द फेकत नाही, ठेवतो. शब्द संपताना किंचित मागे रेंगाळतो, ठेका पुढे जातो आणि मग सावकाश त्याला गाठतो. आपल्याकडे भावगीत गाणाऱ्यांनी हेच केले, आणि मायक्रोफोनमुळेच केले.

१९३४ साली नोबलला अमेरिकेचे बोलावणे आले. बोली बरोबर गेला. तिथल्या वादकांच्या संघटनेने विलायती बँड येऊ दिला नाही, म्हणून तिथलीच माणसे जमवून नवा बँड उभा केला. ती जमवाजमव ग्लेन मिलरने केली, जो पुढे स्वतः जगभर गाजला. पण बोलीचा घसा बिघडला. स्वरतंतूवर गाठ आली, १९३७ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. लंडनला परतला तेव्हा त्याची जागा दुसऱ्यांनी घेतलेली होती. युद्ध सुरू झाल्यावर तो एका जोडीदाराबरोबर दोन गिटारी घेऊन गावोगावच्या चित्रपटगृहांतून गाऊ लागला. २ एप्रिल १९४१ रोजी त्याने शेवटची तबकडी भरली. ते प्रेमगीत नव्हते. हिटलर मेल्यावर आपण कसा आनंद करू, अशा आशयाचे अर्व्हिंग बर्लिनचे ते खोचक गाणे होते. १६ एप्रिलला लंडनबाहेरच्या हाय विकम गावी कार्यक्रम झाला. रात्री तिथेच मुक्काम करा असा आग्रह झाला होता, पण शेवटची गाडी पकडून तो घरी आला. त्या पहाटे जर्मन विमानाने टाकलेला हवाई सुरुंग त्याच्या घराबाहेर फुटला. अंगावर म्हणे ओरखडा नव्हता. खोलीचे दार उखडून डोक्यावर आदळले होते. त्या हल्ल्यात मेलेल्या इतरांबरोबर त्याला एकाच मोठ्या खड्ड्यात पुरले. त्याच्या नावाचा निळा फलक लंडनमधल्या त्याच्या एका जुन्या घरावर लागला तो २०१३ मध्ये, बहात्तर वर्षांनी.

त्याच्या आधी जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी, ८ मार्च १९४१ च्या रात्री, ‘काफे द पारी’ या तळघरातल्या नाचघरावर बाँब पडले होते. जमिनीखाली असल्यामुळे ही जागा सुरक्षित, असे लोक मानत. वाजवत होता केन जॉन्सन. हा ब्रिटिश गियानातला कृष्णवर्णीय तरुण, वय अवघे सव्वीस, आणि त्याच्या बँडमध्ये बहुतेक वेस्ट इंडियन वादक. त्या काळच्या लंडनमध्ये काळ्या माणसाला चांगल्या हॉटेलात खोली मिळण्याची मारामार, आणि हा तिथल्या उमरावांना नाचवीत होता. त्या रात्री तो गेला आणि त्याच्याबरोबर तीसहून अधिक माणसे. त्याच्या तबकड्या फार थोड्या आहेत.

हे सगळे सांगायचे कारण असे की आज या गाण्यांना ‘सुवर्णयुगाचे संगीत’ म्हणतात आणि ते ऐकताना डोळे मिटून घेतात. मिटलेल्या डोळ्यांना झुंबरे दिसतात. भत्ता कापलेला कामगार दिसत नाही, रस्त्यावर गाणारा न्हावी दिसत नाही, सोन्याच्या त्या युगात दाराबाहेर उभा केलेला काळा वादक दिसत नाही. लाख ताणणारा तर नाहीच नाही. मला या डोळे मिटण्याचा राग येतो. गाणे मात्र निर्दोष आहे असे मी म्हणेन. ते पोटासाठी केलेले, मन लावून केलेले काम आहे आणि ज्यांच्या दिवसांत गोड असे काहीच उरले नव्हते त्यांना त्याने तीन मिनिटे दिली. १९४२ मध्ये बीबीसीने असल्या अति मऊ, हळव्या पुरुषगायनावर बंदी घातली. लढणाऱ्या राष्ट्राचे मन त्याने ढिले पडते असा साहेबलोकांचा समज. हळवेपणाची भीती ही वरून हुकूम सोडणाऱ्यांनाच का वाटते कोण जाणे.

युद्धानंतर हे बँड ओसरले. मोठा ताफा पोसणे परवडेना, नवी पिढी गिटारीवर गाऊ लागली. मग पंचवीस-तीस वर्षांनी ही गाणी परत आली, पण वेगळाच वेश घेऊन. १९७८ मध्ये बीबीसीवर डेनिस पॉटरची ‘पेनीज फ्रॉम हेवन’ ही नाटकमालिका झाली. तिचा नायक गाण्यांचे छापील कागद विकत हिंडणारा फिरता विक्रेता. आयुष्य रखरखीत, आणि मधूनच तो तोंड उघडतो तर त्यातून या तबकड्यांतला आवाज येतो. तिने या गाण्यांचे मर्म नेमके धरले असे मला वाटते. १९८० मध्ये ‘द शायनिंग’ या भुताटकीच्या चित्रपटात शेवटी बोलीचे एक गाणे वाजते, ओसाड हॉटेलात. तेव्हापासून हा आवाज म्हणजे भुताचा आवाज असे समीकरणच होऊन बसले. २०१६ ते २०१९ या काळात तर लेलंड कर्बी या इंग्रज संगीतकाराने अशाच जुन्या तबकड्यांचे तुकडे घेऊन, ते विरवीत, झिजवीत, सहा भागांची एक दीर्घ रचना केली. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे मन कसे विझत जाते हे तिला ऐकवायचे आहे. सुरुवातीला गाणे ओळखू येते, शेवटी उरते फक्त खरखर. हे काम मी आदराने ऐकले. पण ऐकल्यावर घरी जाऊन मूळ तबकडी लावली, कारण त्या वादकांना भूत म्हणवत नव्हते. त्या दिवशी त्यांच्या खोलीत बहुधा चहाचे पेले असतील, आणि कुणाला तरी रात्रीच्या कामाला जायची घाई.

आपल्याकडे या संगीताचा धागा आहे, पण ओढून ताणून मोठा करण्यात अर्थ नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेली मुले मुंबईच्या हॉटेलांत नाचाच्या बँडमध्ये वाजवीत. मिकी कोरिया यांचा बँड ताजमहाल हॉटेलात १९३९ पासून वीसेक वर्षे होता. त्यांच्यावर लंडनपेक्षा अमेरिकेची छाप अधिक. याच मंडळींतले चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनिओ झेवियर वाझ, आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्याकडे आले आणि १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात त्यांच्या बँडने काय बहार केली ती तुम्हांला तोंडपाठ असेल.

दुसरा धागा तुमच्या माळ्यावर असू शकतो. कलकत्त्याजवळ डमडमला मोठा कारखाना होता, तिथे देशी गाण्यांबरोबर विलायती नाचाच्या तबकड्याही निघत. विलायतेत १९६० च्या आसपास असल्या तबकड्या बंद झाल्या. आपल्याकडे त्यानंतरही काही वर्षे निघत राहिल्या, कारण खेड्यात वीज नव्हती आणि चावीच्या यंत्राला वीज लागत नाही. बीटल्स या पोरांची गाणीसुद्धा इथे लाखेच्या तबकडीवर निघाली! तेव्हा एखाद्या निवृत्त रेल्वेवाल्याच्या, मिशनच्या शाळेच्या किंवा जुन्या वाड्याच्या अडगळीत नाट्यगीतांच्या खाली अशी एखादी तबकडी निघणे अशक्य नाही.

निघाली तर एवढे करा. स्पिरिटने पुसू नका, लाख स्पिरिटात विरघळते आणि गाणे कायमचे जाते. किंचित साबणाच्या पाण्यात मऊ फडके भिजवून, घट्ट पिळून, रेघांच्या दिशेने गोल पुसा. मधला कागद कोरडा राहू द्या. आडव्या थप्पीत ठेवू नका, उभ्या ठेवा. उन्हात ठेवली तर पापडासारखी वाकेल, हातातून पडली तर कौलासारखी फुटेल. लोखंडी सुई एका बाजूला एकच. दुसऱ्या बाजूला नवी. तबकडीतली दगडाची पूड सुईला झिजवते आणि झिजलेली सुई तबकडीला खाते. शाळेत चावीचे यंत्र असेल तर मुलांना आधी ते उघडून दाखवा, मग ऐकवा. आज ही गाणी मोबाइलवरही मिळतात, खरखर काढून टाकलेली. मात्र ती काढताना कधी कधी गायकाचा श्वासही निघून जातो.

आणि ऐकण्याआधी तबकडी तिरपी करून उजेडात धरा. मधल्या कागदाच्या जवळ, काळ्या भागात, बारीक आकडे ठोकलेले दिसतील. हिज मास्टर्स व्हॉइसची तबकडी असेल तर त्या आकड्यांच्या शेवटी, एका लहान रेघेनंतर, एक सुटा आकडा असतो. त्यावरून कितव्या खेपेचे वादन आपल्या हाती आले ते कळते. तिथे दोन असेल तर आधी एकदा ते सगळे गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून झाले होते, मेणाची ती चकती बाजूला ठेवली गेली, आणि सगळ्यांनी घाम पुसून परत वाद्ये उचलली.